गेरूखालचं नाव

गोंदियात बिसराम पेंटरला न ओळखणारा माणूस आता सहज सापडतो, आणि त्यात त्या माणसाची काही चूक नाही. एक काळ होता, स्टेशनातून बाहेर पडून रिक्षात बसलं की पहिली वाचावी लागायची ती बिसरामचीच अक्षरं. राईस मिल घ्या, बिडीचा कारखाना घ्या, लाखेचं गोदाम घ्या. जिथं म्हणून विटांची उंच भिंत होती तिथं हा गृहस्थ दोराला फळी बांधून लोंबकळून गेलेला. अक्षर पुरुषभर उंच. सूत मारून रेघ आखायची, जवसाच्या तेलात सफेदा घोटायचा आणि ब्रश एकदा टेकवला की अक्षर पुरं होईस्तोवर खाली बघायचं नाही. मग फ्लेक्स आला. संध्याकाळी सांगा, सकाळी बोर्ड हजर, वर मालकाचा गॉगल घातलेला फोटो. त्यापुढं बिसरामचं काय चालणार!

गेली पंधरा-सोळा वर्षं त्यानं काय केलं म्हणाल, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नंबर लिहिले आणि अंगणवाड्यांच्या भिंतींवर आंबे आणि अननस काढले. अननस त्यानं जन्मात खाल्ला नव्हता, पण काढायचा झकास. 'येथे लघवी करू नये' हे तर इतक्या भिंतींवर लिहिलं, की त्याच अक्षरांखाली उभी राहणारी माणसं बघून त्याला राग येईनासा झाला. आता वय बहात्तर. थंडीत उजवा खांदा धरतो, डोळ्यांवर जाड काच. माणूस थकला होता हो. कामानं थकलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. हा बिनकामानं थकला होता, आणि त्याला औषध नाही.

घरात तो आणि बायको पुष्पाबाई. पुष्पाबाईनं उभा जन्म बिड्या वळल्या. तिचं बोलणंही तसंच, घट्ट वळलेलं आणि तोंडाला लागणारं. ती म्हणायची, या माणसाला कोणी बस म्हटलं तर बसतो, ऊठ म्हटलं तर उठतो, आणि कोणीच काही म्हटलं नाही तर दारातच उभा राहतो. बिसराम यावर हसायचा. त्याला ते कौतुक वाटायचं. पेंटरचं कामच ते, असं तो म्हणे. लिहिणारा मालक, आपण फक्त हात.

आणि गंमत पाहा. नवी अक्षरं काढणं बंद झालं तसं त्याच्या हातचं जुनं काम आपणहून वर यायला लागलं. एकेक करून मिला बंद पडल्या. मिल चालू होती तोवर दरवर्षी दिवाळीच्या आधी भिंतीला गेरूचा हात बसायचा; मालकच उरला नाही तर गेरू कोण लावणार? चार-पाच पावसाळ्यांत गेरू धुऊन गेला आणि त्याच्याखाली झाकलेली नावं दिसायला लागली. कोणाचा मोडलेला भागीदार, कोणाचा रुसून वेगळा झालेला भाऊ. ज्यांचं नाव घेतलं की घरात भांडी आपटत, अशी माणसं भर रस्त्यावर, पांढऱ्या सफेद्यात, पुरुषभर उंच अक्षरांत उभी. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, ही बिसरामची भुतं.

तर ही भुतं उरली कशी, ते सांगायला हवं. बिसरामचे उस्ताद होते छोटेलाल पेंटर. त्यांचा एक नेम होता, आणि तो त्यांनी आपल्या तिन्ही चेल्यांना शपथ घालून दिला होता. जित्या माणसाचं नाव खरवडायचं नाही. मालक म्हणाला काढ, तर झाकायचं; गेरूचे दोन हात मारायचे, खाली नाव राहू द्यायचं. माणूस गेल्याची खबर आली की मग खुशाल पत्ती चालवायची. छोटेलालनं म्हणे तरुणपणी एका कापडवाल्याचं नाव खरवडलं आणि बारा दिवसांत तो माणूस विहिरीवर पाय घसरून गेला. खरं-खोटं देव जाणे. कापडवाला दारू पीत होता असंही सांगतात. पण नेम तो नेम, आणि बिसराम तर सांगितलेलं मोडणाऱ्यांतला नव्हताच.

बालाघाट रोडकडच्या एका बंद मिलीच्या भिंतीवर या दिवाळीनंतर जे नाव वर आलं, ते मात्र त्याला पुढं जाऊ देईना. 'उदाराम दुर्गाप्रसाद राईस मिल'. दुर्गाप्रसाद तिथं कायमच होते. त्यांच्या आधीचं उदाराम अडतीस वर्षं गेरूखाली होतं.

उदाराम हा मिस्त्री. अर्जुनी मोरगावकडचा, धानाच्या गावातला. चौऱ्याहत्तर साली दुर्गाप्रसाद सेठनं कुठल्याशा बुडालेल्या मिलीची जुनी मशीन उचलून आणली होती आणि ती काही केल्या फिरेना. रायपूरचे मिस्त्री आले, नागपूरचे आले, पट्टे बदलून गेले. उदारामनं ती अकरा दिवस उघडून अंगणात पसरून ठेवली, आणि बाराव्या दिवशी तिच्यातून तांदूळ पडला. सेठ मनाचा दिलदार होता, निदान तेव्हा तरी. त्यानं मिस्त्रीला भागीदार केलं आणि वर म्हणाला, भिंतीवर तुझं नाव आधी. तेव्हा बिसराम बावीस वर्षांचा, उस्तादाचे डबे धुणारा. उदारामनंच त्याला पुढं केलं. या पोराला लिहू द्या म्हणाला. एवढंच नाही, हमालांचा भरवसा नाही म्हणून तीन दिवस छपरावर बसून दोर स्वतः धरला. बिसरामच्या नावावरची ती पहिली भिंत. तिथून त्याची गाडी चालू लागली, ती थेट फ्लेक्स येईपर्यंत.

बारा वर्षांनी सेठचा मुलगा इंद्रकुमार याचं लग्न निघालं. मुलीकडचे मिल बघायला आले आणि त्यांतल्या एकानं वर बघून विचारलं, हे उदाराम कोण, आपले मोठे भाऊ का? सेठ म्हणाला, नाही, आमचे मिस्त्री. पाहुणे हसले. बस्, एवढंच झालं. मिस्त्रीचं नाव मालकाच्या डोक्यावर, हसणारच लोक. दुसऱ्या दिवशी सेठनं बिसरामला बोलावून सांगितलं, उदाराम काढून टाक, त्याला मी सांगतो. बिसरामनं मान डोलावली. शिडी लावली, गेरू कालवला आणि ज्या माणसानं दोर धरला होता त्याचं नाव झाकून टाकलं. आत मशीन धडधडत होती आणि मशीनपाशी उदाराम होता. संध्याकाळी तो डबा घेऊन बाहेर आला, भिंतीकडं बघितलं, शिडीवरच्या बिसरामकडं बघितलं. सेठनं त्याला काही सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. उदारामनं चिंधीला हात पुसले आणि चालता झाला. परत त्या मिलीत कधी आला नाही. भागीदारी, मैत्री, सगळं तिथंच संपलं.

बिसराम त्याच्या गावी गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तोंड दाखवायची हिंमतच राहिली नाही. पण मनाशी त्यानं एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. मी खरवडलं नाही, झाकलं. खाली मिस्त्री आहेतच. चाळीस वर्षं माणसाला झोप लागायला एवढं पुरतं.

आता दुर्गाप्रसाद गेले, इंद्रकुमारही दोन वर्षांमागं गेला, आणि मिल नातवाच्या हातात आली. भूपेंद्र त्याचं नाव. पस्तिशीचा, बोलायला गोड, सगळं हिंदीत. मिलीच्या जागेवर त्याला लग्नाचं लॉन काढायचं होतं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई तोंडावर आली, आणि त्याला फ्लेक्स नको होता. आजकाल लोकांना जुनं आवडतं म्हणाला; ही विटांची भिंत तशीच ठेवू, तिच्यावर लॉनचं नाव हातानं लिहू, पुरुषभर उंच अक्षरात. गोंदियात असं लिहिणारे तुम्हीच उरलात काका.

बिसरामला क्षणभर ऐकू आल्यासारखंच वाटलं नाही. पुरी भिंत! सोळा वर्षांनी. घरी येऊन त्यानं पेटी उघडली, वाळून टणक झालेले ब्रश रॉकेलमध्ये बुडवले, आणि पुष्पाबाईला दोनदा सांगितलं की आपली ही शेवटची भिंत. ती म्हणाली, खांद्याले विचारलं का? पण चहात तिनं त्या दिवशी साखर जास्त टाकली.

अडचण एकच. गेरू सुटलेल्या भिंतीवर नवा रंग धरत नाही, सगळं खरवडूनच घ्यावं लागतं. बिसरामनं भूपेंद्रला नेम सांगितला. त्याला वाटलं पोरगा हसेल. पण सेठांच्या घरातलं रक्त, शुभ कामाच्या बाबतीत हळवं. तो म्हणाला, लग्नाचं लॉन आहे काका, जित्या माणसाचं नाव खुरचून सुरुवात नको. आधी पता करा हे उदाराम आहेत की गेले. गेले असतील तर करा सफाई. असतील तर मग बघू.

मग बघू! मोठ्या माणसांचं 'मग बघू' म्हणजे काय ते बिसरामनं जन्मभर ऐकलं होतं. मग बघू म्हणजे तुम्ही जा. मग बघू म्हणजे फ्लेक्स.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं तो अर्जुनीला उतरला. तिथून दोन कोस पुढं, बोडी म्हणतात त्या लहान तळ्याच्या बांधाला लागून उदारामचं गाव. विचारावं लागलंच नाही फारसं; पंप दुरुस्त करणारे बुढे मिस्त्री म्हटल्यावर पानवाल्यानं हात करून दाखवला. धान कापून झालं होतं, खळ्यावर धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते, आणि त्या पुंजण्यांच्या उन्हाच्या बाजूला खाटेवर पंच्याऐंशी वर्षांचा उदाराम पंपाचा वायसर घासत बसला होता. जिता. चांगला धडधाकट जिता. बिसरामला त्याला बघून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या आनंदाच्या आधी, अगदी निमिषभर, भिंत गेली असं मनात आलं. त्या निमिषाची लाज त्याला अजून आहे.

उदारामनं त्याला लगेच ओळखलं. बस म्हणाला. नात गुंजन पाणी घेऊन आली. पीकपाण्याचं बोलणं झालं, पाय कसे आहेत, डोळे कसे आहेत ते झालं. मग बिसरामनं खाली मान घालून सगळं सांगितलं. गेरू धुतला गेला, नाव वर आलं, लॉन होणार, नातू विचारतो आहे. सांगताना त्याच्या आवाजात थोडी उमेद होती, हे कबूल करायला हवं. त्याला वाटत होतं, मिस्त्रीला कळेल आपण काय जपलं ते.

"मंजे नाव हाय अजून?" उदारामनं विचारलं.

"हाय मिस्त्री. मी खरवडलं नव्हतं. झाकलं होतं फक्त."

उदारामनं वायसर खाली ठेवला. "मले काय ठाव? मी तं समजलो, गेलं. अडतीस वर्षं गोंदियाले पाय नाही ठेवला म्या. दवाखाना साकोलीले केला, पोरीचं कालेज भंडाऱ्याले केलं. त्या भिंतीसमोरून जावं नाही लागलं पायजे म्हनून." त्यानं वायसर परत उचलला. "येऊन सांगितलं असतं ना बिसराम, तं झाकलं होतं. नाही सांगितलं, तं खरवडलंच."

उदारामचा राग आता कुठं उकळी धरायला लागला होता. अडतीस वर्षं झाकण लावून ठेवलेला तो. आजवर नाही आला, मग आज काऊन आला, असं त्यानं विचारलं. बिसरामनं चाचरत छोटेलालचा नेम सांगितला. आणि मग म्हातारा हसला. ते हसणं ऐकून गुंजन चहा तसाच घेऊन दारात थांबली.

"मंजे मी मेलो का नाही, ते पाहाले आला." उदाराम म्हणाला. "जा. मेला म्हनून सांग. खरवडून टाक."

गाडीत बसून बिसराम परत आला. घरी त्यानं पुष्पाबाईला सगळं सांगितलं, तोंडातला शब्दही न बदलता. ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, त्यानं काय म्हटलं ते समजलं, सेठाच्या नातवानं काय म्हटलं तेही समजलं. "तुमच्या मनात काय हाय?"

"माह्या मनाचं काय घेऊन बसली? मिस्त्रीनंच सांगितलं, खरवड म्हनून."

ती पुढं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. पण तीही सत्तरीला टेकलेली बाई, तिनं किती जन्म या माणसाला हलवत राहायचं?

आणि खरं सांगू का? बिसरामला मिस्त्रीचा हुकूम सोयीचा होता. मनात त्याच्या होतं ते वेगळंच होतं. नाव राहावं असं होतं. सकाळच्या उन्हात त्या नावाचा सफेदा चमकायचा आणि बिसराम रोज फिरायला म्हणून तिकडं जाऊन बघून यायचा. पण भिंतही हवी होती. दोन्ही मिळत नाही म्हटल्यावर त्यानं जन्मभर केलं तेच केलं; दुसऱ्याच्या शब्दाआड उभा राहिला. दुर्गाप्रसाद म्हणाले काढ, झाकलं. उदाराम म्हणाला खरवड. आपल्याकडं दोष येतच नाही. काय सोपं असतं नाही असं जगणं?

भूपेंद्रला त्यानं सांगितलं, गेले. पोरानं हात जोडले, कब, म्हणून विचारलं. बिसराम म्हणाला दिवाळीच्या आधी. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण एक पाऊल टाकलं की दुसरं आपोआप पडतं. भूपेंद्रनं जागच्या जागी उभं राहून भिंतीला नमस्कार केला आणि म्हणाला, ठीक आहे काका, करा मग.

दोन दिवस लागले. बांबूची परांची बांधून दिली होती, वर फळीवर बसून बिसराम लोखंडी पत्तीनं खरवडत होता. तेव्हाचा सफेदा, शिशाचा, जवसात घोटलेला. विटेत मुरलेला होता तो. पत्ती घसरायची, खांदा ओरडायचा, डोळ्यांत भुकटी जायची. त्यानं शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. कशाला, ते त्यालाही माहीत नाही. पहिल्या दिवशी अर्धं नाव गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या अक्षराशी येऊन तो थांबला, बिडी ओढली, पाणी प्यायला, आणि परत पत्ती उचलली. संध्याकाळपर्यंत तिथं नुसती विटांची लाल, ओरखडलेली जागा राहिली. आश्चर्य असं, की खाली उतरताना त्याला हलकं वाटत होतं. अडतीस वर्षांचं एक काम उरकलं, असं. त्या रात्री तो जेवून जो झोपला तो सकाळीच उठला.

तिसऱ्या दिवशी त्यानं त्या मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या अक्षरांचं सूत मारायला घेतलं. अकरा वाजले असतील. फाटकाशी ऑटो थांबला, आणि त्यातून आधी गुंजन उतरली, मग तिच्या हाताला धरून उदाराम.

दाढी केलेली. सदरा धुतलेला, घडीच्या रेघा तशाच. पायांत बूट, आणि ते बूट त्याचे नव्हते हे चालण्यावरून दिसत होतं, मुलाचे असावेत. गुंजननं दुरूनच सांगितलं, आबाजी दोन दिवस झाले एकच धरून बसून राहिले, चल, एकदा पाहून येऊ, मग जेवतो म्हणतात. उदाराम तिच्याकडं लक्ष न देता फाटकातून आत आला. मान वर करून भिंत शोधत आला.

बिसराम परांचीवरून उतरला. उतरायला त्याला वेळ लागला आणि तो वेळ अजून लांबला असता तर बरं, असं त्याला वाटत होतं.

"कोठं?" उदारामनं विचारलं.

बिसरामनं हात करून जागा दाखवली. उदाराम बघत राहिला. दुर्गाप्रसाद होतं, राईस मिल होतं, तेही खरवडायचं बाकी होतं म्हणून. आणि त्यांच्या आधी ती लाल जागा. उन्हानं डोळ्यांत पाणी आलं की कशानं, कोण सांगणार?

"खरवडलं?"

"तुमीच म्हनले, मिस्त्री."

"म्हनलो." उदाराम म्हणाला. "म्हनलो खरा."

एवढ्यात भूपेंद्रची गाडी आत आली. तो मंडपवाल्याशी फोनवर बोलत उतरला, फोन खिशात टाकला, आणि बुटांत अवघडलेला हा म्हातारा बघून बिसरामला विचारलं, काका, ये कौन हैं?

बिसरामच्या डोक्यात उत्तर तयार होतं. गावचे पाहुणे. तीन शब्दसुद्धा नाहीत, दोनच. उदारामही काही बोलला नसता, तो तसा माणूसच नव्हता. भिंत वाचली असती. आणि या वेळी बिसरामला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. ना सेठनं, ना उस्तादानं, ना मिस्त्रीनं. जो शब्द बाहेर पडणार तो त्याचा एकट्याचाच पडणार होता. गुंजन त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"हे उदाराम मिस्त्री." तो म्हणाला. "भिंतीवरचे. मी खोटं बोललो तुमच्याशी."

भूपेंद्रनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडं. बिसराम मान खाली घालून बोलणी ऐकायला तयार झाला. पण पोरगा पुढं झाला आणि वाकून उदारामच्या पायांना हात लावला. आजोबांच्या बरोबरीचे म्हणाला. ऑफिसातून खुर्ची आणवली, चहा सांगितला, उदारामला हाताला धरून बसवलं. मग बिसरामकडं वळला. रागानं नाही. राग असता तर सोसला असता.

"काका, एक बार बोल तो देते कि हैं," तो म्हणाला. "मैं नाम रहने देता ना. दादाजी के साथ का नाम है. लोग तो ऐसी दीवार ढूंढते फिरते हैं."

बिसरामनं परांचीच्या बांबूला धरलं. मग बघू म्हणजे खरंच मग बघू, असं बोलणारीही माणसं असतात हे त्याच्या बहात्तर वर्षांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

भूपेंद्र म्हणाला, बिघडलं काय त्यात, परत लिहा. जागा तीच, अक्षर तेच, लिहिणारे तुम्हीच. त्याच्या वयाला सगळं परत करता येतं असं वाटतं, त्याला काय दोष द्यायचा. उदारामनं मात्र खुर्चीतून हात वर केला.

"नको बापू. लिहील तो. तुमी म्हनलं म्हनून लिहील." त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि मग पहिल्यांदा बिसरामकडं सरळ बघितलं. आवाजात राग नव्हता. होता तो थकवा, बिसरामच्या ओळखीचाच. "तुले वाटत होतं का गा, राहावं म्हनून?"

"वाटत होतं."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून, मिस्त्री."

उदाराम बशी तोंडाला लावायला विसरला. "मंग सांगाचं ना गा," तो म्हणाला.

चहा झाला. गुंजननं परतीच्या गाडीची वेळ सांगितली आणि उदाराम तिच्या खांद्यावर भार देऊन उठला. भूपेंद्र त्यांना स्टेशनवर सोडायला म्हणून गाडीचं दार उघडत होता, आणि जाता जाता त्यानं बिसरामला काहीच सांगितलं नाही, ना लिहा, ना राहू द्या. बिसरामच्या हातात अजून सूत होतं. गाडी फाटकातून बाहेर पडली, धूळ खाली बसली, तरी पुष्पाबाई म्हणायची तसा तो भिंतीसमोर नुसताच उभा राहिला.